वाफेची कॉफी, दाबाची कॉफी

कळमनुरीत एस्प्रेसो कॉफी आली ती लग्नाच्या मांडवातून. चहाची हॉटेलं गावात होती, आजही आहेत; नांदेड-हिंगोली रस्त्यावर एसटी थांबली की कपबशीत उकळता चहा हातात पडायचा. कॉफी मात्र वर्षातले काही दिवसच मिळायची, ऐन लग्नसराईत, मांडवाच्या एका कोपऱ्यात उभ्या असलेल्या चकचकीत मशीनमधून. आमच्या वडिलांचा मंडप-बिछायतीचा धंदा. १९८०च्या दशकात त्यांनी हैदराबादहून असं एक वापरलेलं मशीन विकत आणलं. पुढे मी आयटीआयमध्ये फिटरची पोरं शिकवली. त्या शिकवण्याचं मूळ त्या मशीनच्या तांब्याच्या टाकीत आहे, असं मी मानतो.

पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलीनं घरासाठी चांगलं एस्प्रेसो मशीन घ्यायचं ठरवलं आणि म्हणाली, “बाबा, पैसे मी भरते, पारख तुम्ही करा.” एकेका यंत्राची किंमत लाखाच्या वर. आता यंत्र पारखायचं तर ते कशाकशातून घडत आलं, कोणती अडचण सोडवायला त्यात कोणता भाग बसला, हे आधी कळायला हवं. लेथ असो, पंप असो, मी वर्गात हेच सांगत आलो. म्हणून या यंत्राच्या इतिहासात शिरलो, आणि आमच्या मांडवातल्या मशीनची त्यात नेमकी जागा कोणती हे मला पहिल्यांदा कळलं.

आमचा मुलूख १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ला तो मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्रात. कळमनुरी तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ला. निजामाच्या राज्याशी असलेल्या जुन्या नात्यामुळे मोठ्या खरेदीला माणसं पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबादला जास्त जायची, आणि हैदराबादनं शिकवला तो इराणी हॉटेलातला चहा. मुंबई-पुण्याच्या पांढरपेशा घरांत पोल्सनची चिकोरी मिसळलेली कॉफी होती, जायफळ-वेलची घालून दुधात उकळलेली. माटुंग्याच्या दाक्षिणात्य हॉटेलांत फिल्टर कॉफी होती. आमच्या घरी कपाटात इन्स्टंट कॉफीची एक काचेची बरणी असायची. पाहुणा शहरातला असला तरच ती खाली उतरायची.

दाण्याची कॉफी आमच्याकडे का आली नाही, याला सरकारी कारण आहे. १९४२च्या कायद्यानं देशातली कॉफी, थोडी सूट सोडली तर, कॉफी बोर्डाच्या एकत्र साठ्यात जमा करणं मळेवाल्यांवर बंधनकारक झालं. बोर्ड लिलाव करी, त्यातला मोठा भाग परदेशी जाई. ही व्यवस्था १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. भाजलेले दाणे दळून देणारी दुकानं दक्षिणेत आणि मोठ्या शहरांत होती. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी पोचली ती डब्यातली विरघळणारी पूड. चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत, महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की तेच नाव निघतं. पण त्या दाण्यांची वाट कधी पैनगंगा ओलांडून आमच्याकडे वळली नाही.

तर अशा गावात ते मशीन आलं. आडवी तांब्याची टाकी, तिला पितळी झाकणं, वरून क्रोमचा पत्रा. खाली गॅसचा बर्नर. समोर दाबाचं घड्याळ, शेजारी पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, वर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि दोन अंगांना वाफेच्या तोट्या. टाकी कधी काठोकाठ भरायची नाही. वाफेला डोक्यावर जागा लागते. दाब एक किलोवर आला की आतलं पाणी १२० अंशांना पोचलेलं असतं. साध्या पातेल्यात पाणी शंभरच्या वर जात नाही, बंद टाकीत जातं, आणि ती वाढीव उष्णता वाफेबरोबर बाहेर येते. हे मी पुस्तकात वाचलं ते फार नंतर. आधी पाहिलं ते मांडवात.

कॉफी बनायची ती अशी. इन्स्टंट पूड, साखर आणि चार थेंब पाणी पातेल्यात घेऊन वडील फेटत बसायचे. काळपट गोळा फेटता फेटता बदामी होई, मग फिकट, फुगलेला. हे काम वरात निघायच्या आधीच उरकलेलं असे. प्रत्येक कपात त्यातला चमचाभर, आणि वरून वाफेनं तापवलेलं फेसाळ दूध. शेवटी चिमूटभर चॉकलेटची पूड. मे महिन्यातल्या लग्नात दुधाची पातेली घमेल्यात फोडलेल्या बर्फाच्या लादीवर ठेवलेली असत. माणसांना वाटे की दूध नासू नये म्हणून. ते होतंच, पण थंड दुधाला तापायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात फेस बारीक, एकजीव होतो, हे वडिलांना ठाऊक होतं.

तोटी दुधात घालायच्या आधी ते ती क्षणभर मोकळी सोडायचे. फुर्रकन पाणी उडायचं, मग आवाज बदलायचा. “काट्याकडं नको बघू, आवाज ऐक. वाफ कोरडी बोलायली का मगच दूध लाव,” असं ते मला सांगत. नळीत थंड होऊन साचलेलं पाणी दुधात गेलं तर दूध पातळ होतं, एवढाच त्याचा अर्थ. मग तोटीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाशी, किंचित आत. फाडल्यासारखा बारीक आवाज. दूध फुगलं की तोटी खोल घालून दूध गोल फिरवायचं. आणि तळव्याला भांडं सोसेनासं झालं की वाफ बंद. पुण्याच्या कॉफी शिकवणाऱ्या वर्गात मुलीबरोबर बसलो होतो. तिथल्या मुलानं थर्मामीटर लावून ६० ते ६५ अंश हे माप दाखवलं. तळवा नको म्हणतो ते माप हेच. वाफ आधी सोडणं, थंड दूध, टोकाची जागा, दुधाचं फिरणं: वडील करत त्यातली एकही गोष्ट त्या वर्गात वेगळी नव्हती. लग्नातल्या मशीनवाल्याला आपण वाढप्यांच्या रांगेत बसवलं. तो कारागीर होता, हे इथे नोंदवून ठेवणं मला गरजेचं वाटतं.

कायद्याची एक बाबही सांगितली पाहिजे. १९२३च्या बॉयलर कायद्यानं २२.७५ लिटरपेक्षा मोठं बंद, वाफेच्या दाबाखालचं भांडं म्हणजे बॉयलर ठरवलं. त्याला नोंदणी आली, तपासणी आली. त्याहून लहान टाक्या या व्याख्येच्या बाहेर राहिल्या. म्हणजे पाहुण्यांच्या गर्दीत, पोरांच्या हातभर अंतरावर धगधगणाऱ्या लहान टाकीची सुरक्षितता ही चालवणाऱ्याच्या सद्सद्विवेकावर होती. वडील हंगामाच्या सुरुवातीला आणि प्रत्येक लग्नाच्या दिवशी व्हॉल्व्हची दांडी उचलून बघत. जास्त वाफ मिळावी म्हणून व्हॉल्व्ह तारेनं बांधणारे लोकही या धंद्यात होते. मी विद्यार्थ्यांना सेफ्टी व्हॉल्व्ह शिकवताना ही गोष्ट दर वर्षी सांगितली.

आता इटलीकडे. १८८४ला तुरिनमधल्या आंजेलो मोरिओंदो यांनी वाफेच्या दाबावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं; ते एकाच वेळी पुष्कळ कॉफी काढणारं होतं. मिलानच्या लुईजी बेझ्झेरा यांनी १९०१मध्ये ते एकेका कपावर आणलं: हत्थ्याच्या चाळणीत पूड, हत्था यंत्राच्या तोंडात अडकवायचा, खाली कप. देझिदेरिओ पावोनी यांनी ते पेटंट विकत घेतलं, आणि १९०६च्या मिलानच्या जागतिक प्रदर्शनात ही कॉफी लोकांना पाजली गेली. उंच, उभ्या पितळी टाक्यांची ती यंत्रं, डोक्यावर गरुड. विक्तोरिया आर्दुइनो कंपनीसाठी लेओनेत्तो काप्पिएल्लो यांनी १९२२मध्ये केलेलं एक प्रसिद्ध जाहिरातचित्र आहे: धावत्या आगगाडीतून बाहेर झुकलेला माणूस यंत्रातून कप भरून घेतोय. त्या काळाला वेगाचंच वेड होतं.

पण या यंत्रांत एक मूळ दोष होता. पाणी पुडीतून ढकलायचं काम वाफेकडे. वाफेचा दाब दीड-दोन बारच्या पुढे नेणं धोक्याचं. आणि दाब वाढवावा तसं तापमान वाढतं, म्हणजे कॉफी करपते. कॉफीला पाणी हवं ९० ते ९६ अंशांचं, वाफेला टाकी हवी १२०ची. एका टाकीकडून दोन कामं, आणि दोघांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध. माझ्या मते इथून पुढचा एस्प्रेसो यंत्राचा सगळा इतिहास हा ही दोन कामं वेगळी करण्याचा आहे.

मिलानच्याच आकिल्ले गाज्जा यांनी १९३८मध्ये वाफेशिवाय कॉफी काढण्याचं पेटंट मागितलं आणि युद्धानंतर, १९४७-४८च्या सुमारास, स्प्रिंगच्या दट्ट्याचं यंत्र बाजारात आणलं. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दबते, पाणी पुडीवर उतरतं. दांडा सोडला की स्प्रिंग दट्ट्याला ढकलते आणि आठ-नऊ बारचा दाब मिळतो. वाफेच्या कित्येक पट दाब, तोही पाणी न करपवता. त्या दाबानं कॉफीतलं तेल आणि वायू बाहेर आले, कपावर पहिल्यांदा तपकिरी साय धरली. आज आपण जिला एस्प्रेसो म्हणतो ती इथे जन्मली. १९६१मध्ये फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो वालेन्ते यांनी दांड्याच्या जागी विजेचा पंप बसवला. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं, त्यावरून यंत्राचं नाव ई-६१. त्यात वाफेच्या टाकीतून आरपार एक नळी नेली होती. कॉफीचं ताजं पाणी त्या नळीतून जाता जाता तापे, टाकीतल्या पाण्यात मिसळत नसे. हत्था जिथे बसतो तो पितळी ठोकळा जवळजवळ चार किलोचा, आणि गरम पाणी त्यातून आपोआप फिरत राहून त्याला सतत तापलेला ठेवी. १९७०मध्ये फ्लोरेन्सच्या ला मार्झोक्कोनं आपल्या जीएस यंत्रात कॉफीला एक आणि वाफेला एक अशा सरळ दोन टाक्या दिल्या.

हे सगळं वाचल्यावर मला वडिलांचं मशीन नीट दिसलं. त्यात हत्था नव्हता, चाळणी नव्हती. कॉफीची पूड आणि दाबाखालचं पाणी यांची गाठच पडत नव्हती. ते बेझ्झेराच्या यंत्राचा अर्धा भाग होतं, वाफेचा अर्धा. आणि आमच्या पंगतीला तोच अर्धा हवा होता. दूध हे आमच्या चवीचं मुख्य अंग, त्यातही म्हशीचं, सहा-सात टक्के स्निग्धांशाचं. दाणे गावात नव्हते, दळणारं यंत्र नव्हतं. जे होतं त्यातून सर्वांत चांगलं जे करता येईल ते या देशातल्या ज्या कारागिरांनी केलं, त्यांच्या कामाला नक्कल म्हणून खाली ढकलू नये. आता अशी मशीनं भंगारात निघाली आहेत. पाकिटातली तयार मिश्रणं गरम पाण्यात कालवणारी डबडी मांडवात आली. ज्यांच्या गोदामात तांब्याच्या टाकीचं जुनं मशीन पडलं असेल त्यांनी ते किलोवर विकू नये. निदान त्यावरची बनवणाऱ्याची पट्टी उतरवून घ्यावी, चालवणाऱ्या म्हाताऱ्याला चार प्रश्न विचारून ठेवावेत.

पुण्यात आम्ही तीन प्रकारची यंत्रं पाहिली. दुकानदारानं वरचं झाकण उघडू दिलं, याबद्दल त्याचे आभार. पहिलं, एकाच लहान टाकीचं: कॉफी काढायची, मग टाकी वाफेपर्यंत तापायची वाट बघायची. दोन माणसांच्या घराला पुरे. पाहुणे आले की दम लागतो. दुसरं, ई-६१च्या घडणीचं, टाकीतून नळी गेलेलं. तिसरं दोन टाक्यांचं, तापमान अंशाअंशानं राखणारं, स्पर्शाच्या पडद्याचं.

तिसऱ्यातली कॉफी अप्रतिम होती, यात वाद नाही. १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. धार मधासारखी उतरली. चिकमगळूरचे दाणे होते. दूध न घालता घोट घेतला तेव्हा आधी आंबटसर, मग भाजल्या शेंगदाण्यासारखी चव जिभेवर राहिली. भारतात पिकते त्यातली बहुतांश कॉफी रोबस्टा जातीची आणि तिचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक इटली; किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर फुगवलेले मान्सून्ड मलबारचे दाणेही तिथल्या मिश्रणांत जातात. इटालियन कपावरची जाड साय आपल्या डोंगरांतून गेलेली आहे. ती कॉफी मराठवाड्याच्या घरात दाण्याच्या रूपात यायला एवढी वर्षं लागली, याचं मला वाईट वाटतं.

पण पारख कॉफीच्या एका कपावर थांबत नाही. आमच्या भागातल्या बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं, जड असतं. तापलं की त्यातले क्षार पांढऱ्या थरानं टाकीला चिकटतात. वडील दिवाळीनंतर टाकीचं तोंड उघडून तो थर खरवडून काढत. हात जाईल एवढं तोंड होतं ते. घरगुती यंत्रात हात जात नाही. ई-६१च्या ठोकळ्यात पाण्याची वाट एका भोकातून जाते, ते एक मिलिमीटरचंही नसतं. क्षाराचा एक कण बसला की धार आटते. लिंबूसत्वानं धुता येतं, पण वेळच्या वेळी. मग आरओचं पाणी घाला, असं कोणीही म्हणेल. नुसतं आरओचंही चालत नाही: पाण्यात क्षार अगदीच नसले तर टाकीतली पातळी ओळखणारी सळई विद्युतवहन न मिळाल्यानं फसते, आणि असं पाणी धातूला खातं. मऊ, पण थोडे क्षार राखलेलं पाणी लागतं. पुण्यात महापालिकेच्या नळाला हा प्रश्न सौम्य आहे, कळमनुरीत तो पहिल्या क्रमांकाचा आहे.

दुसरा प्रश्न विजेचा. चार किलोचं पितळ तापायला अर्धा तास लागतो. मध्येच वीज गेली की पहिल्यापासून. हीटर हजार वॉटच्या पुढचे, साधा इन्व्हर्टर ते ओढत नाही. भारनियमनाची वर्षं ज्यांनी काढली त्यांना हे वेगळं सांगायला नको. यासाठीच हाताच्या दांड्याची, लवकर तापणारी छोटी यंत्रं मला भावली. पावोनीचं १९६१पासूनचं युरोपिकोला हे त्यांतलं जुनंजाणतं. मात्र त्याची टाकी लिटरभराच्या आतली, आणि लागोपाठ कप काढले की यंत्र जास्त तापतं. दहा पाहुण्यांच्या घराला ते पुरणार नाही.

तिसरा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो: बिघडलं तर कोण उघडणार? दोन टाक्यांच्या यंत्राचा जीव सर्किटच्या पाटीत आहे. ती गेली की पाटी मागवा, वाट बघा. ई-६१च्या घडणीचं तसं नाही. साठहून जास्त वर्षं अनेक कारखाने तोच ठोकळा बनवत आले. त्याचं गॅस्केट, त्याची चाळणी, त्याच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा एकाच्या दुसऱ्याला बसतात. तांबं, पितळ, आट्यांचे जोड. पाना आणि ॲलन की हातात धरता येणारा आयटीआयचा कोणताही मुलगा ते उघडून पुन्हा बसवेल. वडिलांचं मशीन याच गुणावर एवढी वर्षं चाललं.

मुलीला मी ई-६१च्या घडणीचं, एका टाकीतून नळी नेलेलं, साध्या कंपन-पंपाचं यंत्र घे म्हणून सांगितलं. तिनं तेच घेतलं. आपल्या घरी प्रत्येक कपात दूध पडतं, तेव्हा कोरडी, भरपूर, न खळणारी वाफ आधी बघायची. अंशाच्या दहाव्या भागापर्यंत तापमान राखण्याचा उपयोग हलक्या भाजणीची काळी कॉफी पिणाऱ्याला. तसं कोणी घरात असेल तर दोन टाक्यांचं घ्यावं, पैसे वाया जात नाहीत. आणि यंत्राच्या आधी दळायची चक्की: पूड एकसारखी नसेल तर नऊ बारचं पाणी पातळ जागेतून वाट काढतं आणि लाखाचं यंत्र पाणचट कॉफी देतं. हिंगोली-कळमनुरीकडे कोणी असं यंत्र घेणार असेल तर पैसे देण्याआधी बोअरच्या पाण्याची कठीणता तपासून घ्या, मऊ पाण्याची सोय आधी करा, आणि दुकानदाराकडून गॅस्केटचा एक जादा संच त्याच पिशवीत घालून घ्या.